एडिशनचं भांडण मिटवायचं असेल तर आधी हे ठरवा: टेबलावर निर्णय कोणाचा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मी कशाचं उत्तर देतेय ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही डीएम, म्हणजे खेळ चालवून निवाडा करणारे; खेळणारे पाच. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (डी अँड डी) या फासे टाकून पात्रांची गोष्ट खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीवर (एडिशनवर), म्हणजे २०१४ च्या पुस्तकांवर, तुमची मोहीम सुरू झाली आणि पात्रं आता सातव्या लेव्हलला आहेत. दोघांनी २०२४ चं नवं प्लेयर्स हँडबुक, म्हणजे सुधारित नियमांचं पुस्तक, घेतलंय आणि त्यांना पुढच्या सेशनपासून तेच हवंय. पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, खेळणारा मित्र त्याला अजिबात तयार नाही. एकीचं म्हणणं, बदलायचंच असेल तर पाथफाइंडर या दुसऱ्या कंपनीच्या खेळावर जाऊ. आणि गटातले वयाने मोठे दादा म्हणतात की थ्री पॉइंट फाइव्ह, म्हणजे तिसऱ्या आवृत्तीच्या सुधारित रूपानंतर, या खेळात राम राहिला नाही. ग्रुपवर वाद इतके वाढले की दोन रविवार कोणी फासे हातात घेतलेच नाहीत. तुम्ही विचारलंय: सगळ्यांत चांगली एडिशन कोणती, म्हणजे तीच सगळ्यांना पटवता येईल?

अशी एडिशन नाही, आणि असती तरी ती पटवून देता आली नसती. जवळपास पन्नास वर्षं लोक यावर भांडतायत ते नियम कळत नाहीत म्हणून नव्हे. मी बरीच वर्षं वेगवेगळ्या गटांची डीएम आहे. जुन्या बेसिक नियमांवर, थ्री पॉइंट फाइव्हवर, चौथ्या आवृत्तीवर आणि पाचव्या आवृत्तीवर मी मोहिमा चालवल्या आहेत. त्या सगळ्यांतून माझं एक ठाम मत झालंय.

प्रत्येक आवृत्ती एकाच प्रश्नाचं वेगळं उत्तर देते. टेबलावर एखादी गोष्ट जमली की फसली, हे कोण ठरवणार? डीएमचा अंदाज, पुस्तकात छापलेला नियम, की खेळाडूने आपल्या कॅरेक्टर शीटवर आधीच कमावून ठेवलेला हक्क? तिन्ही प्रत्येक आवृत्तीत असतात, पण त्यांची वाटणी बदलते. नवी आवृत्ती आली की कोणाच्या तरी हातातलं काहीतरी जातं. भांडण त्या गेलेल्या गोष्टीवरून होतं, बोललं मात्र जातं फाशांबद्दल आणि आकड्यांबद्दल.

एकच प्रसंग घ्या. अंधारा बोळ आहे, पुढे फरशीखाली खड्डा आहे, आणि खेळाडू म्हणतो, ‘मी नीट बघत पुढे जातो.’

सत्तरच्या दशकातल्या नियमांवर, किंवा आजही त्या धाटणीने खेळणाऱ्या टेबलावर, डीएम विचारतो, ‘नीट म्हणजे कसं?’ खेळाडू सांगतो की दहा फुटी काठीने फरशी ठोकत जातो, किंवा पाणी ओतून ते कुठल्या फटीत मुरतंय का बघतो. युक्ती पटली तर खड्डा सापडतो, फासा टाकायचं कारणच नाही. इथे डोकं खेळाडूचं आणि निवाडा डीएमचा. डीएम न्यायी असेल तर याच्यासारखी मजा नाही. डीएम लहरी असेल तर खेळाडूला दाद मागायला जागा नाही.

थ्री पॉइंट फाइव्हमध्ये ‘सर्च’ नावाचं कौशल्य आहे. सापळ्याचा डीसी, म्हणजे फाशावर गाठायचा आकडा, ठरलेला आहे. तो वीसच्या वर असेल तर ‘रोग’सारखं (rogue, चोर-हेर) त्याचं खास शिक्षण घेतलेलं पात्रच तो शोधू शकतं. घाई नसेल तर खेळाडू ‘टेक ट्वेंटी’ म्हणतो, जास्तीचा वेळ देतो आणि फासा न टाकता वीस पडल्याचं धरतो. डीएमचा मूड कसाही असो, हा हक्क खेळाडूचा. चौथ्या आवृत्तीत सापळ्याला राक्षसासारखी स्वतःची आकडेवारी मिळाली: तो कोणत्या पॅसिव्ह पर्सेप्शनला (मुद्दाम न शोधता आपसूक दिसण्याच्या क्षमतेला) दिसतो, कोणत्या कौशल्याने बंद पडतो, सगळं एका चौकटीत. डीएमने ते वाचायचं आणि चालवायचं. पाचव्या आवृत्तीने पुन्हा थोडी ढील दिली. पर्सेप्शन (नजर) मागायचं की इन्व्हेस्टिगेशन (तपास), की खेळाडूचं वर्णन ऐकून तसंच सोडून द्यायचं, हे डीएमवर ठेवलं.

खड्डा तोच. पण ज्याला काठीने फरशी ठोकण्यात आनंद वाटतो त्याला थ्री पॉइंट फाइव्हमध्ये आपलं डोकं वापरूच देत नाहीत असं वाटतं. ज्याने पाच लेव्हल सर्चमध्ये पॉइंट घातले त्याला जुन्या टेबलावर आपली कमाई वाया गेली असं वाटतं. दोघांचंही म्हणणं खरं आहे.

हा वाद इंटरनेटने आणला असं म्हणतात, ते मला मान्य नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ १९७४ मध्ये आला तेव्हा त्यात चोराचा क्लासच, म्हणजे पात्राचा तो पेशाच, नव्हता. सापळे शोधणं हे सगळ्यांचं काम होतं. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत थीफ आला, त्याच्या नावापुढे सापळे निकामी करण्याची टक्केवारी आली, आणि लगेच प्रश्न उभा राहिला: आता बाकीच्यांनी सापळ्यांना हातच लावायचा नाही का? माझ्या मते या खेळातली पहिली खरी फूट तिथे आहे. त्या वेळी दुसरी आवृत्ती निघालीही नव्हती, हे लक्षात घ्या.

पुढे १९७७ पासून खेळ छापणाऱ्या कंपनीनेच दोन फांद्या समांतर चालवल्या. एकीकडे नवख्यांसाठीचा बेसिक संच, दुसरीकडे १९७७ ते १९७९ दरम्यान तीन जाड पुस्तकांत आलेला ‘अॅडव्हान्स्ड’ डी अँड डी. मूळ १९७४ च्या पुस्तिकांचा सूर होता की आम्ही सांगाडा दिलाय, बाकीची कल्पना तुमची. अॅडव्हान्स्डच्या वेळी गायगॅक्सला मात्र सगळ्या टेबलांवर एकसारखा खेळ हवा होता. एकाच माणसाने मांडलेल्या या दोन भूमिका आहेत, आणि आजचे दोन्ही पक्ष आपापल्या सोयीने त्यातली एक उचलतात. १९८९ मध्ये दुसरी आवृत्ती आली तोवर गायगॅक्स कंपनीतून बाहेर पडलेला होता. अमेरिकेत ‘हा खेळ सैतानी आहे’ असा ओरडा चालू होता, तेव्हा कंपनीने डेमन आणि डेव्हिल ही नावं काढून तनारी आणि बाटेझू अशी नवी नावं दिली, असॅसिन हा क्लास वगळला. गणित फारसं बदललं नव्हतं, तरी लोक दुखावले, कारण त्यांना वाटलं की आपल्या खेळाने बाहेरच्यांपुढे मान खाली घातली.

२००० ची तिसरी आवृत्ती मात्र गणिताने वेगळी होती. त्याआधी ‘थॅको’ नावाच्या आकड्यातून समोरच्याचा आर्मर क्लास (चिलखताचा आकडा) वजा करायचा, आणि आर्मर जितकं चांगलं तितका आकडा कमी, असा उलटा हिशेब होता. तिसऱ्या आवृत्तीने तो सरळ केला: वीस बाजूंचा फासा, त्यात बोनस मिळवा, ठरलेला आकडा गाठा. सोबत ओपन गेम लायसन्स आलं, म्हणजे कोणीही या नियमांवर स्वतःचं साहित्य छापून विकू शकत होतं. तुमच्या दादांचं प्रेम या काळावर आहे आणि ते मला पूर्ण समजतं. खेळाडूच्या हातात इतके हक्क त्याआधी कधीच आले नव्हते. पण त्याची किंमत डीएमने दिली. वरच्या लेव्हलच्या एका चकमकीची तयारी करायला माझी अख्खी संध्याकाळ जायची. आणि विझार्ड किंवा ड्रुइड (मंत्र टाकणारे क्लास) वर चढत जायचे तसतसा फायटर खेळणाऱ्याला टेबलावर करण्यासारखं कमी उरायचं. ड्रुइडचं पाळीव जनावर फायटरच्या बरोबरीने लढतंय हे चित्र मी कितीतरी वेळा पाहिलंय.

आता २००८ कडे या, कारण आजच्या भांडणाची भाषा तिथे तयार झाली.

चौथ्या आवृत्तीने हा फायटरचा प्रश्न मुळातून सोडवायला घेतला. प्रत्येक क्लासला ‘पॉवर्स’ दिल्या: काही हव्या तितक्या वेळा, काही एका चकमकीत एकदा, काही दिवसातून एकदा. फायटरलाही विझार्डइतक्याच. प्रत्येक क्लासचं पटावरचं काम नेमून दिलं, म्हणजे कोण अडवणार, कोण मारणार, कोण सावरणार. डीएमसाठी तर ती फार दयाळू आवृत्ती होती. चकमक बांधायचा हिशेब सरळ, राक्षसाचं सगळं एका चौकटीत, एका फटक्यात मरणारे ‘मिनियन’ वेगळे. ज्यांना नकाशावर सरकून, एकमेकांना साथ देत लढायला आवडतं त्यांच्यासाठी यापेक्षा नेटकं डी अँड डी मी चालवलेलं नाही.

मग लोक इतके का चिडले? कारण एका वेळी फार गोष्टी काढून घेतल्या गेल्या, आणि त्या वेगवेगळ्या जातीच्या होत्या. पहिल्या प्लेयर्स हँडबुकमध्ये बार्ड, ड्रुइड, बार्बेरियन, सॉर्सरर हे क्लास नव्हते, नोम हा वंशही नव्हता. ते पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या हँडबुकमध्ये आले, आणि मंक तर तिसऱ्यात. म्हणजे ज्याचं पात्र नोम बार्ड होतं त्याला नव्या आवृत्तीत जागाच नव्हती. ‘फरगॉटन रेल्म्स’ हे लाडकं जग साधारण शंभर वर्षं पुढे नेलं, त्यात लोकांच्या ओळखीची शहरं आणि माणसं गेली. ‘ड्रॅगन’ आणि ‘डंजन’ ही मासिकं २००२ पासून पायझो ही कंपनी चालवत होती, तो करार २००७ मध्ये संपवला होता. जुन्या खुल्या लायसन्सच्या जागी जाचक अटींचं नवं लायसन्स आणलं. आणि २००९ मध्ये जुन्या पुस्तकांच्या पीडीएफची विक्रीही बंद केली.

पायझोने थ्री पॉइंट फाइव्हचे खुले नियम घेऊन २००९ मध्ये पाथफाइंडर काढलं, आणि पुढे काही काळ अमेरिकेतल्या हॉबी दुकानांच्या विक्रीच्या यादीत ते डी अँड डीच्या वर होतं. याच वर्षांत जुन्या धाटणीचे लोकही त्याच लायसन्सचा आधार घेऊन सत्तर आणि ऐंशीच्या दशकांतले नियम नव्याने छापू लागले होते: २००६ मध्ये ‘ओस्रिक’, २००७ मध्ये ‘लॅबिरिंथ लॉर्ड’. अशा रीतीने पूर्वी घराघरांतली कुरबुर होती तिचे छापील पक्ष झाले. प्रत्येक पक्षाला आपलं पुस्तक, आपला प्रकाशक आणि आपली जागा मिळाली.

इतकं सविस्तर सांगितलं, कारण या इतिहासात तीन वेगळे राग आहेत आणि तुमच्या ग्रुपवर ते एकमेकांत मिसळलेत. एक राग कंपनीवरचा. जानेवारी २०२३ मध्ये ते जुनं खुलं लायसन्स मागे घेण्याचा मसुदा बाहेर फुटला तेव्हा तो पुन्हा उफाळला. लोकांनी इतका जोर लावला की महिना संपायच्या आत पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले करावे लागले. तो राग रास्त होता, मीही त्या बाजूने होते. पण २०२४ चं पुस्तक घेणारा तुमचा मित्र म्हणजे कंपनी नव्हे. दुसरा राग घातलेल्या कष्टांचा आणि पैशांचा: विकत घेतलेली पुस्तकं, पाठ झालेले नियम, जीव लावून बांधलेलं पात्र. तिसरा निर्णयाच्या वाटणीचा, जो वर सांगितला. टेबलावर बसून मिटवता येतो तो फक्त तिसरा. दुसऱ्याची भरपाई थोडीफार करता येते. पहिल्याबद्दल एकमेकांशी भांडून काहीच हाती लागत नाही. कोणाला त्या कंपनीला पैसे द्यायचे नसतील तर त्याने देऊ नयेत आणि बाकीच्यांनी त्याला त्यावरून डिवचू नये, एवढंच.

आता तुमचे पाच जण घेऊ. मी त्यांना ओळखत नाही, त्यामुळे हे अंदाज आहेत, तुम्ही पडताळून पाहा.

पॅलाडिनवाल्या मित्राचं सगळ्यात आधी, कारण त्याचं नुकसान कागदावर दाखवता येतं. सातव्या लेव्हलला त्याला एका टर्नमध्ये दोन वार मिळतात. २०१४ च्या नियमात दोन्ही वार लागले तर दोन्हींवर तो डिव्हाइन स्माइट (जास्तीचा दैवी घाव) लावू शकतो, आणि वार लागल्यावर मगच ठरवतो. २०२४ मध्ये स्माइट हा मंत्र झाला आणि त्याला बोनस अॅक्शन (टर्नमधली एकच जास्तीची छोटी कृती) लागते, म्हणजे टर्नमध्ये एकदाच. शिवाय मंत्र असल्यामुळे समोरचा जादूगार काउंटरस्पेल टाकून तो हाणून पाडू शकतो. मोहिमेतल्या दोन-तीन मोठ्या क्षणांत त्याचे ते दुहेरी स्माइट असतील, तर तुम्ही त्याच्याकडून नेमकं ते काढून घेताय. बदल्यात ले ऑन हँड्स (हात ठेवून बरं करणं) आता बोनस अॅक्शनमध्ये होतं, शस्त्रांची ‘मास्टरी’ मिळते, घोडा आपसूक मिळतो. हिशेबाने तो फार तोट्यात नाही. पण ‘तू तोट्यात नाहीस’ हे सांगून माणूस राजी होत नाही. त्याला विचारा की यातलं काय गेलं तर तुला हे पात्र तुझं वाटणार नाही.

नवं पुस्तक घेतलेल्या दोघांना विचारा की त्यातलं नेमकं काय हवंय. माझ्या अनुभवात उत्तर क्वचितच ‘सगळं’ असतं. फायटर किंवा बार्बेरियन खेळणारा असेल तर बहुतेक शस्त्रांची मास्टरी, कारण त्यामुळे प्रत्येक वाराला ढकलणं, पाडणं, खोळंबवणं असं काहीतरी करता येतं. क्लेरिक असेल तर उपचारांचे वाढलेले फासे. क्युअर वूंड्स हा मंत्र एकाच्या जागी दोन फाशांचा झालाय.

पाथफाइंडर मागणारी मैत्रीण बहुधा डावपेचांची भुकेली आहे. पाथफाइंडरच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक टर्नला तीन अॅक्शन मिळतात आणि त्या कशावरही खर्च करता येतात. ठरलेल्या आकड्यापेक्षा दहाने जास्त पडलं की क्रिटिकल यश, दहाने कमी पडलं की क्रिटिकल अपयश. त्यामुळे एखाददुसरा बोनससुद्धा जाणवतो. तिला ‘पाचव्या आवृत्तीत तेच तेच करावं लागतं’ असं वाटत असेल तर ती चूक नाही.

आणि दादा. त्यांना डीएमच्या अंदाजावर अवलंबून राहायचं नाही, असा माझा तर्क. पाचव्या आवृत्तीत डीसी बराचसा तुमच्या मनावर ठरतो. आज भिंत चढायला बारा मागितले, महिन्याने तशाच भिंतीला सोळा मागितले, तर थ्री पॉइंट फाइव्हमध्ये घडलेल्या माणसाला ते खुपतं. यावर साधा उपाय आहे. आपल्या टेबलाचे डीसी लिहून ठेवा: सोपं दहा, मध्यम पंधरा, अवघड वीस, आणि पूर्वी काय ठरलं होतं त्याची एक वही. ती सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. एडिशन न बदलता त्यांना हवं ते बरंचसं मिळेल.

इथे एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे, ती सांगायलाच हवी. तुमची मोहीम किती उरली आहे यावर माझा सल्ला बदलतो. चार-सहा सेशनमध्ये कथा संपणार असेल तर काहीही बदलू नका. २०१४ वर संपवा आणि नवी मोहीम नव्या पुस्तकावर सुरू करा. वर्षभर चालणार असेल तर कथेतला एखादा टप्पा संपेपर्यंत थांबून मग बदला. पात्रांना गावात महिनाभर मुक्काम मिळाला की प्रत्येकाने आपलं पात्र नव्या नियमांनी पुन्हा बांधायचं. आणि तुम्ही छापील साहसकथा चालवताय की स्वतःची, हेही पाहा. २०१४ साठीच्या साहसकथा नव्या नियमांवर चालतात, पण राक्षस नव्या पुस्तकातले घेतलेत की जुन्या, हे एकदा ठरवा. साध्या लांडग्याचं उदाहरण घ्या. जुन्यात तो चावला की स्ट्रेंग्थ सेव्ह (ताकदीवर वाचण्याचा फासा) असायचा, चुकला तर माणूस आडवा. नव्यात चावा लागला की माणूस आडवाच, सेव्ह नाही. लांडग्यांच्या कळपासमोर हा फरक फार मोठा होतो.

मिसळ करायची असेल तर कुठे करायची आणि कुठे नाही, यावर माझी मतं पक्की आहेत. एका पात्राचा क्लास अख्खा एका पुस्तकातून घ्यायचा, अर्धा इथला अर्धा तिथला नाही. २०२४ मध्ये सगळ्यांचा सबक्लास (क्लासची उपशाखा) तिसऱ्या लेव्हलला मिळतो, २०१४ मध्ये क्लेरिकला पहिल्या आणि विझार्डला दुसऱ्या. त्यामुळे सांधे जुळत नाहीत आणि कुठेतरी कोणाला दुप्पट मिळतं. एका टेबलावर एक जुना पॅलाडिन आणि एक नवा फायटर मात्र शेजारी बसू शकतात, मला त्यात कधी अडचण आली नाही. मंत्राची दोन रूपं असतील तर सगळ्या टेबलाला एकच. कन्जर अॅनिमल्स हा मंत्र जुना की नवा, हे दोन खेळाडूंसाठी दोन प्रकारे चालू देऊ नका. आणि जे नियम सगळ्यांना लागतात, म्हणजे सरप्राइज (गाफील गाठणं), ग्रॅपल (पकड), एक्झॉशन (थकवा), ते एकाच पुस्तकातले. यातलं सरप्राइज आधी ठरवा. जुन्यात गाफील सापडलेल्याची पहिली टर्न जाते, नव्यात फक्त इनिशिएटिव्हला, म्हणजे पाळीचा क्रम ठरवणाऱ्या फाशाला, डिसअॅडव्हान्टेज (दोन फाशांतला कमी आकडा). दबा धरून हल्ला करणं तुमच्या गटाला आवडत असेल तर हा बदल त्यांना झोंबेल. उलट औषधाची कुपी बोनस अॅक्शनमध्ये पिणं हा नियम बेलाशक उचला, तो कित्येक टेबलांवर आधीपासून घरचा नियम होता.

लहानपणी गल्लीत क्रिकेट खेळताना एक टप्पा आउट आहे की नाही हे पहिल्या बॉलच्या आधी ठरायचं, आणि त्यासाठी कोणी नियमांचं पुस्तक आणत नसे. तसं हे ठरवणं खेळ सुरू होण्याआधी आणि समोरासमोर व्हायला हवं. ग्रुपवर नाही. ग्रुपवर लोक एकमेकांशी बोलत नाहीत, कुठून तरी उचललेले मुद्दे पुढे ढकलतात, आणि त्या मुद्द्यांमागे २००८ चा किंवा २०२३ चा राग असतो जो तुमच्या टेबलावर घडलेलाच नाही.

तुमचं स्वतःचं मत या सगळ्यात कुठे आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पाचही जणांचं म्हणणं मांडलंत, आपलं नाही. डीएमला पाचांपैकी एका मताइतकंच मत असावं असं मी मानत नाही. आठवड्यातली तयारीची रात्र तुमची जाते, त्यामुळे कोणता नियम तुम्हाला चालवायला झेपतो हे आधी बघायचं. पाथफाइंडर तुम्हाला शिकायला वेळ नसेल तर ते स्पष्ट सांगा. मैत्रिणीला वाईट वाटेल, पण अर्धवट शिकून चालवलेलं पाथफाइंडर तिला त्याहून जास्त निराश करेल. पटलं नाही तर ती स्वतः डीएमच्या खुर्चीत बसू शकते, आणि खरं तर बसावंच.

तोच माझा पुढचा सल्ला आहे. वादातल्या प्रत्येक बाजूला एक रविवार द्या. दादांनी थ्री पॉइंट फाइव्हचं एक सेशन चालवावं, मैत्रिणीने पाथफाइंडरचं, तुम्ही २०२४ चं, आणि कोणाची तयारी असेल तर जुन्या बेसिक धाटणीचं एक. पैसे खर्च करायची गरज नाही. पाथफाइंडरचे नियम ‘आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस’ या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. डी अँड डीचे २०१४ आणि २०२४ दोन्हींचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आहेत. जुन्या धाटणीसाठी ‘बेसिक फँटसी’ची पीडीएफ मोफत मिळते. साहस सगळ्यांनी एकच घ्या, म्हणजे तोच किल्ला, तोच बोळ, तोच खड्डा. कोणाला कुठे रंगत आली आणि कोण कुठे कंटाळून मोबाइल बघू लागलं ते तुम्हाला समोर दिसेल, कोणी समजावून सांगायची गरज पडणार नाही. मी एका फुटायला आलेल्या गटाबरोबर हे केलं तेव्हा नव्या नियमांचा सगळ्यात जोरदार पुरस्कर्ता जुन्या बेसिक नियमांवर काठीने फरशी ठोकण्यात सगळ्यात जास्त रमला होता.

असं वाटू नका देऊ की शेवटी कोणीतरी जिंकणार आहे. तिसऱ्या आवृत्तीचा प्रमुख रचनाकार जोनाथन ट्वीट आणि चौथीचा प्रमुख रचनाकार रॉब हाइन्सू यांनी मिळून २०१३ मध्ये ‘थर्टीन्थ एज’ नावाचा खेळ काढला. त्यात दोघांनी आपापल्या आवृत्तीतलं आवडलेलं घेतलं. ज्या दोन गोटांनी एकमेकांची तोंडं बघणं सोडलं होतं, त्यांचे कर्तेच एका टेबलावर बसले होते. आणि पाचव्या आवृत्तीत शॉर्ट रेस्टमध्ये (छोट्या विश्रांतीत) हिट डाइस खर्चून सावरता येतं, त्याचं मूळ चौथीच्या हीलिंग सर्जमध्ये आहे. चौथीला नावं ठेवणारे ते रोज वापरतात.

हे चार रविवार झाल्यावरही पाचातले एक-दोघे म्हणतील की नाही, मला ही मोहीम नको. तसं झालं तर त्यांना जाऊ द्या, आणि दुसऱ्या टेबलावर त्यांच्याबरोबर खेळायला तुम्हीही अधूनमधून जा. मी असे दोन गट पाहिलेत जे एडिशनवरून वेगळे झाले आणि आजही एकमेकांच्या वन-शॉटला (एकाच बैठकीच्या खेळाला) येऊन बसतात. वाईट शेवट झाला तो फक्त तिथे, जिथे वेगळं होताना कोणीतरी ‘तुम्ही खेळता ते डी अँड डीच नाही’ असं म्हणून गेलं.

एक व्यावहारिक सूचना: त्या चार रविवारांसाठी पात्रं ज्याने-त्याने आधीच बांधून आणावीत, निदान थ्री पॉइंट फाइव्ह आणि पाथफाइंडरची तरी. नाहीतर अर्धा दिवस फीट (पात्राचे खास गुण) निवडण्यातच जाईल. बेसिकचं पात्र टेबलावर पंधरा मिनिटांत होतं, ते तिथेच करा, आणि प्रत्येकाला दोन करायला सांगा. पहिलं बहुतेक खड्ड्यातच जाईल.